चोवीस शून्यं

पास्कू मास्तर बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे. विसरले म्हणून नव्हे. नजर समोर, ओठ मिटलेले, आणि उजव्या हाताची तर्जनी मांडीवर एका लयीत आपटत राहायची. मग वाक्य जिथे सोडलं होतं, नेमकं तिथून पुढे सुरू. नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. पोस्टाच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी मला विचारलं, "तू मघाशी गुणगुणत होतास ते..." आणि पुढचं बोलणंच बंद. मागे पाच-सहा माणसं खोळंबलेली. बोट खिडकीच्या फळीवर टक टक. मी हातातला शिक्का अधांतरी धरून वाट बघत बसलो. शेवटी एकदाचे म्हणाले, "...ते कुठं शिकलास?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही नुकतेच गिरगावातून भाईंदर पश्चिमेला राहायला आलो होतो. बायकोची नोकरी फोर्टात, माझी बदली मात्र उत्तनकडच्या एका लहानशा पोस्टात. सकाळी सगळं भाईंदर स्टेशनकडे धावत असायचं, आणि मी एकटा त्या गर्दीच्या विरुद्ध अंगाला, रिकाम्या बसमधून समुद्राकडे निघालेला. बायको रात्री आठला घरी यायची. शेजारी सगळे आमच्यासारखेच नवे, दार लावून बसणारे. गिरगावात चाळीच्या भजनी मंडळात मी रोज गायचो, इथे शिक्के मारता मारता गुणगुणायचो, तेवढंच. ते कोणी ऐकत असेल अशी माझी कल्पना नव्हती.

मास्तर उत्तनशेजारच्या डोंगरी गावचे. गावच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. अंगावर पांढरा सदरा, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, पायात नेहमी पॉलिश केलेले बूट. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून आवाज बसला होता, बोलताना खरवडल्यासारखं व्हायचं. त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं. "रविवारी दुपारी माझ्या घरी ये. तुझा आवाज टेनरचा हाय. माझा टेनर गेला." मला वाटलं, कोणी नातेवाईक वारला. पुढे कळलं की टेनर म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, आणि गेला तो त्यांचा स्वतःचा.

त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी दामले उरलो नाही. "ए टेनर, तिकिटं दे." "टेनर, पाकीट वजन कर." पोस्टातला शिपाईसुद्धा काही दिवसांनी मला टेनरसाहेब म्हणायला लागला.

रविवारी गेलो. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगांमधून वाट, आणि शेवटी कौलारू घराचा शेणाने सारवलेला ओटा. ओट्यावर सात-आठ माणसं आपापली वही घेऊन बसलेली. त्यांतल्या तिघांचीच ओळख इथे पुरे. वरचा सूर, म्हणजे सोप्रानो, गाणारी रोझी. ही शेजारची मुलगी, नर्सिंग शिकत होती. तिच्या खालचा सूर आल्टो, तो एकट्या मास्तरांच्या बायकोचा, नातालबायचा. नातालबाय फुगे, म्हणजे तिकडचे पिठाचे गोल वडे, तळता तळताही स्वयंपाकघरातून आपली ओळ गायची आणि एक सूरही हलायचा नाही. सगळ्यांत खालचा आवाज बस्त्यावचा. बस्त्याव होडीवाला, बोलायचा वर्षातून चार वाक्यं, पण गायला लागला की ओट्याची जमीन हातांना थरथरलेली जाणवायची.

ते जे गायचे तसलं गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. युरोपात चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी रचलेलं, लॅटिनमधलं, येशूच्या मरणाचं गाणं. रचणाऱ्याचं नाव वहीवर नव्हतं. मास्तर लहान असताना गावच्या एका म्हाताऱ्या फादरने ते शिकवलं, आणि तेव्हापासून दरवर्षी गुड फ्रायडेला दुपारी तीनच्या प्रार्थनेत ते गायचं, अशी रीत पडली होती. बाकी वर्षभर देवळात (तिकडे चर्चला देऊळच म्हणतात) मराठी गाणी, पेटी, पुढे पुढे गिटारही. पण गुड फ्रायडेला देवळाची घंटा वाजत नाही आणि वाद्यही वाजत नाही. त्या दिवशी नुसता माणसाचा गळा.

आपल्याकडे एक जण गातो आणि बाकीचे साथ करतात. इथे साथ करणारा कोणीच नाही. चौघांच्या चार चाली, चौघांची निघायची वेळ निराळी. एक जण निघतो, थोड्या वेळाने दुसरा त्याचीच चाल धरून मागून येतो, तोवर पहिला भलतीकडे वळलेला असतो. आणि तरी सगळे एकमेकांना धरून असतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोणाकडे लक्ष द्यावं तेच समजेना. घरी परतताना बसमध्ये मात्र उगाच रडू आलं. का, ते आजही सांगता येणार नाही.

मास्तरांची पद्धत अशी की प्रत्येकाला फक्त आपली वही. चारही ओळी एका कागदावर त्यांनी कधी लिहिल्या नाहीत. "जुने लोक असेच गायचे. मला फादरांनी एकच ओळ दिली होती. बाकीच्या तीन कानांनी घ्यायच्या." मला पाश्चात्त्य नोटेशन येत नव्हतं. म्हणून मास्तर, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, माझ्याकडून सारेगम शिकले आणि टेनरची आख्खी वही माझ्यासाठी देवनागरीत उतरवली. गणिताच्या मास्तरांचं अक्षर, वहीही चौकटीची. एका चौकटीत एक मात्रा. जिथे गायचं नाही, गप्प राहायचं, तिथे प्रत्येक मात्रेला एक बारीक शून्य.

वही उघडली तर पहिल्या ओळीत चोवीस शून्यं.

"मास्तर, इथे काहीच नाही."

"काही न्हाय कसं? चोवीस मात्रा हायेत. तू गप्प हायेस, पण गाण्यातच हायेस. मोज." आणि तर्जनी मांडीवर सुरू. तेव्हा मला त्या बोटाचा उलगडा झाला. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या ओळी चालू असताना आपली वाट बघण्याची त्या बोटाला सवय लागली होती. आता ते बोलताना, रांगेत, जेवताना, कुठेही मोजायला लागायचं.

पहिल्याच गुड फ्रायडेला मी माती खाल्ली. रोझी निघाली, नातालबाय निघाली, बस्त्याव निघाला, देऊळ माणसांनी भरलेलं, आणि मी वीस मात्रा होताच तोंड उघडलं. पुढचं अर्धं मिनिट आम्ही कसे सावरलो ते बस्त्यावलाच ठाऊक, त्याने आवाज चढवून मला ओढत जागेवर आणलं. बाहेर आल्यावर मला तोंड दाखवायची सोय नव्हती. मास्तर जवळ आले. मला वाटलं, आता वही काढून घेणार.

"चार मात्रा," ते म्हणाले. बोट थोडा वेळ चाललं. "चार मात्रा तुला एकटं राहवलं न्हाय. होईल सवय."

झाली सवय. पुढची तीन-चार वर्षं माझ्या आयुष्यातली भरलेली वर्षं होती, असं आता वाटतं. गाण्यात मध्यावर एक जागा होती, तिथे बाकीचे तिघं थांबायचे आणि नऊ मात्रा फक्त टेनर. मास्तरांची ती लाडकी जागा. मी ती गाताना ते डोळे मिटून घ्यायचे आणि त्यांचे ओठ आवाजाशिवाय माझ्याबरोबर हलायचे. शेवटही टेनरचा वेगळाच होता. माझी ओळ सगळ्यांच्या आधी संपायची, बाकीचे सहा मात्रा पुढे जात राहायचे. सुरुवातीला मी माझं झालं की वही मिटायचो. एकदा मास्तरांनी सगळ्यांदेखत हात धरला. "तुझं संपलं, गाणं संपलं न्हाय. उघड वही." उघडली. तिथेही सहा शून्यं काढलेलीच होती.

हळूहळू ओटा रिकामा व्हायला लागला. दोघं-तिघं वसईला राहायला गेले, दोघं गिटारवाल्या तरुणांच्या मंडळात. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, रविवारची दुपार माणसाला हवीशी असते. रोझीला कुवेतला नोकरी लागली. जाताना तिने आपली वही पेटीत कपड्यांच्या वर ठेवली आणि मास्तरांना दाखवली. मास्तर म्हणाले, "तिकडं वाळूत गा. सूर उतरू देऊ नको." ती गेल्यावर बराच वेळ ते ओट्यावर बोट आपटत बसले होते.

मग नातालबाय गेली. आठ दिवसांच्या तापाने. मास्तर रडले नाहीत. शवपेटी बंद करायच्या आधी त्यांनी आतून तिची वही आणली, तिच्या हातांखाली ठेवली, आणि झाकण लावायला सांगितलं. आम्ही सगळे तिथेच होतो. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

लक्षात आलं महिन्याने. आल्टोची ती एकच वही होती. चार ओळी कुठेच एकत्र लिहिलेल्या नाहीत, ती ओळ दुसऱ्या कोणाला पाठ नाही, आणि वही मातीत.

"चूक झाली टेनर," मास्तर मला म्हणाले. "तिचं तिला दिलं. नक्कल करायचं सुचलंच न्हाय. शाळेत पोरांना सांगायचो, कच्ची वही ठेवा."

त्या वर्षी गुड फ्रायडेला गाणं झालं नाही. पुढच्या वर्षीही नाही. माझी बदली झाली, आम्ही मीरा रोडला जरा मोठ्या जागेत गेलो, आणि डोंगरीला जाणं आठवड्याचं महिन्यावर, महिन्याचं सहा महिन्यांवर आलं. जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा मास्तर ओट्यावर एकटे, मांडीवर कोरी चौकटीची वही. आल्टो आठवत होते. बस्त्याव समुद्रावरून आला की त्याला त्याची ओळ गायला लावायची, स्वतःच्या फाटक्या आवाजात टेनर, रोझीची ओळ मनात, आणि त्या तिघांच्या मधून नातालबाय कुठून जायची ते शोधायचं. एका दिवसाला चार चौकटी, कधी दोन. "ती फुगे तळताना गायची ना, ते आठवावं लागतं," म्हणाले. "तेलाच्या आवाजासकट." घरात दुसरं माणूस नव्हतं. चूल थंडच दिसायची. मी विचारलं, "मास्तर, हे कोणासाठी?"

"एकदा चारी आवाज उभे राहू देत. एकदा. मग मी मोकळा."

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये पोस्टकार्ड आलं. "प्रिय टेनर, आल्टो आठवली. पूर्ण. रोझी ईस्टरला रजेवर येतेय, तिच्या हॉस्पिटलातली केरळची मैत्रीण बरोबर हाय, ती आल्टो गाते. बस्त्याव त्या दिवशी होडी काढणार न्हाय. तू धरून चार. गुड फ्रायडे, तीन वाजता. ये." मी उलट टपाली लिहिलं, येतो.

आता जे लिहितोय ते मी बायकोखेरीज कोणाला सांगितलेलं नाही.

गुड फ्रायडेला सकाळीच पुण्याहून मेव्हणा सहकुटुंब आला. जेवणं झाली. एक वाजून गेला तसा मी सदरा बदलून आलो.

"भाऊजी, कुठे निघालात?"

"ह्यांना जरा उत्तनला जायचंय," बायको म्हणाली.

"सुट्टीच्या दिवशी? मासळी आणायला की काय?" सगळे हसले. "आणि आज तर त्यांचं ते असतं ना? आज तिकडे तुमचं काय काम?"

मेव्हणा माणूस वाईट नव्हता. मला गायचंय, एवढंच म्हणायचं होतं. पण ते दिवस असे होते की कोण कुठल्या देवाच्या दारात जातो याची लोक चौकशी करायचे, आणि मला ती चौकशी नको होती. माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, एकाकडे जायचं होतं. जाईन नंतर." आणि मी पत्ते पिसायला घेतले. तीन वाजले तेव्हा माझ्या हातात बदामाची राणी होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघितलं, आणि चोवीस मोजले. काय म्हणावं अशा माणसाला?

पंधरा दिवस तोंड लपवून मग गेलो. रोझी परत गेली होती. मास्तर ओट्यावरच होते.

"मास्तर, चुकलं माझं."

तर्जनी मांडीवर चालत राहिली. मी उभाच. किती मात्रा गेल्या कोणास ठाऊक.

"बस. चहा घेणार?"

चहा त्यांनीच केला. मग सांगितलं. तीन वाजेपर्यंत ते देवळाच्या दारात उभे होते. मग आत गेले आणि हात वर केला. तिघांनी गायलं. चोविसाव्या मात्रेनंतर टेनरच्या जागी नुसती पोकळी, तरी तिघं हलले नाहीत. मग ती नऊ मात्रांची जागा आली. तिघं थांबले. मास्तरांचा हात चालू. देवळात एवढी माणसं, पण पंख्याचा आवाज ऐकू येत होता. नऊ मात्रा. मग तिघं पुन्हा निघाले.

"नंतर फादर मला म्हणाले, मास्तर, ती मधली शांतता फार सुंदर होती." मास्तरांनी कप खाली ठेवला. "म्हटलं, ती शांतता न्हाय फादर. तो माझा टेनर हाय."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, कारण त्यांना असलं आवडायचं नाही, आणि माझ्या हातात टेनरची वही दिली, जी दर वेळी गाऊन झालं की मी त्यांच्याकडे ठेवून जायचो. "ही आता तुझ्याकडं राहू दे. माझ्याकडं ठेवून काय करू?"

आपण पुढच्या वर्षी गाऊ, असं मी म्हणालो. ते हो म्हणाले. रोझीला पुढच्या वर्षी रजा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

मास्तर गेल्याचा फोन माझ्या ऑफिसात आला. पाऊस संपून महिना झाला होता. मी वही घेऊन निघालो. का घेतली, ते विचार करून घेतली नव्हती. देवळात पोचलो तर मिस्सा, म्हणजे दफनाआधीची प्रार्थना, चालू होती. बस्त्यावची होडी तीन दिवसांपूर्वीच समुद्रात गेलेली, त्याला कोण कळवणार? रोझीने कुवेतहून फोनवर रडून घेतलं होतं, एवढंच. पुढे मास्तर पेटीत. बूट पॉलिश केलेले. हात एकमेकांवर ठेवलेले, आणि उजवी तर्जनी सरळ, स्थिर. ते बोट थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मिस्सा संपत आली तेव्हा मी फादरांजवळ जाऊन म्हणालो, "मला एक गायचंय." ते नवे होते, मला ओळखत नव्हते. हातातली वही बघून त्यांनी होकाराची मान हलवली.

मी पेटीशेजारी उभा राहिलो आणि वही उघडली. पहिल्या ओळीत चोवीस शून्यं. मी तोंड उघडलं नाही. कोणीतरी खोकलं. मागच्या बाकावर बायका कुजबुजल्या, हा विसरला वाटतं. फादरांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं. माझं बोट मांडीवर चाललं होतं. इथे रोझी निघते. इथे नातालबाय. इथे बस्त्याव. वीस, एकवीस, बावीस. या वेळी घाई केली नाही.

मग गायलो. एकट्या टेनरची ओळ, तिला ना धड चाल वाटत होती ना गाणं. मध्ये मध्ये खंड पडत होते, आणि लोकांना वाटत होतं की झालं, आणि मी पुन्हा सुरू करत होतो. नऊ मात्रांची ती जागा आली. तिथे कोणाची वाट बघायची नव्हती, ती माझीच होती. मी ती पूर्ण गायली. एकही मात्रा सोडली नाही.

माझी ओळ संपली. पेटी उचलायला माणसं पुढे झाली. मी त्यांना हाताने थांबवलं. तीही बिचारी थांबली. पेटीवर हात ठेवून मी शेवटची सहा शून्यं मोजली, आणि मगच वही मिटली.